निर्वासितांची बाजू समाजमाध्यमांवर मांडताना

भारतात आश्रयाला आलेल्या लोकांसाठी समाजमाध्यमांवर काहीतरी करावे, असे वाटणारी माणसे मराठीत कमी नाहीत. मात्र त्यांतील बहुतेकांचे काम एखादे काळीज हलवणारे छायाचित्र पुढे पाठवण्यापासून सुरू होते आणि तिथेच संपते. पुष्कळदा त्या छायाचित्राचा भारतातील निर्वासितांशी काही संबंधही नसतो. या विषयात द्वेष पसरवणाऱ्याच्या पोस्टमुळे होते तितकेच नुकसान हितचिंतकाच्या उतावळ्या पोस्टमुळे होऊ शकते. त्यामुळे काय टाकायचे नाही, हे आधी ठरवावे आणि काय टाकायचे, ते त्यानंतर. पुढील सूचना प्रामुख्याने म्यानमारमधून आलेले लोक, म्हणजे तिथल्या राखाइन प्रांतातील रोहिंग्या मुस्लिम आणि मिझोरामला लागून असलेल्या चिन प्रांतातील चिन समाजाचे लोक, डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण आज सर्वांत नाजूक परिस्थिती त्यांची आहे.

कायद्याची माहिती आधी

पहिली पोस्ट लिहिण्यापूर्वी एक संध्याकाळ कायदा समजून घेण्यासाठी द्यावी. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा पूरक करार, या दोहोंपैकी कशावरही भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांची नोंदणी व व्यवस्था सरकार स्वतः पाहते; म्यानमार, अफगाणिस्तान वगैरे देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, आपल्या दिल्लीतील कार्यालयामार्फत करते आणि त्यांना ओळखपत्र देते. हे ओळखपत्र उपयोगी पडते, परंतु त्यामुळे भारतीय कायद्यानुसार राहण्याचा हक्क मिळत नाही. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा जाऊन त्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा जुन्या लेखांतील कलमांचे क्रमांक उचलून पोस्टमध्ये टाकू नयेत.

राज्यघटनेतील चौदावे आणि एकविसावे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. याच आधारावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात राहिलेल्या चकमा समाजाच्या लोकांच्या जिवाचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करण्याचा आदेश त्या राज्याला दिला. हा निकाल कार्यकर्ते आवडीने सांगतात. याच्या जोडीला ८ एप्रिल २०२१ चा आदेशही सांगितला पाहिजे, तो मात्र सहसा गाळला जातो. जम्मूत स्थानबद्ध केलेल्या रोहिंग्यांना सोडण्याचा अंतरिम आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी नकार दिला; विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय त्यांना परत पाठवू नये, असे सांगतानाच, देशातून हद्दपार न होण्याचा हक्क हा कुठेही राहण्याच्या हक्काचा भाग असून तो फक्त नागरिकांना आहे, असेही न्यायालयाने म्हटले. आपल्या गैरसोयीचा आदेश आपणच आधी मांडला, तर विरोधकाच्या हातातले निम्मे शस्त्र निघून जाते. ‘यांना इथे राहण्याचा पूर्ण कायदेशीर हक्क आहे’ असे सरसकट वाक्य लिहिणारा माणूस पहिल्याच प्रतिप्रश्नाला उघडा पडतो.

चेहरा, ठिकाण आणि संमती

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. निर्वासिताचे छायाचित्र टाकताना निदान तीन ठिकाणच्या धोक्यांचा विचार करावा लागतो: तो आज राहतो ती वस्ती, स्थानिक प्रशासन, आणि मागे मायदेशी राहिलेले त्याचे नातेवाईक. शेवटचा धोका आपल्याला दिसत नाही, म्हणून तो नेहमी विसरला जातो. बांगलादेशातील छावण्यांत यूएनएचसीआरने गोळा केलेली रोहिंग्यांची माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारच्याच हाती गेली आणि त्यासाठी लोकांची पुरेशी समजून-उमजून संमती घेतलेली नव्हती, असे ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने जून २०२१ मध्ये उघड केले. एवढ्या मोठ्या यंत्रणेबाबत हे घडू शकते, तर आपल्या मोबाइलमधल्या फोल्डरबाबत किती काळजी घ्यायला हवी, हे सांगणे नको.

म्हणून शक्यतो चेहऱ्याशिवाय छायाचित्र घ्यावे: शिवणयंत्रावरचे हात, वही, पाठमोरी आकृती. आधीच काढलेल्या छायाचित्रात चेहरा धूसर करून भागत नाही, कारण ओळख पटवणाऱ्या गोष्टी चेहऱ्याबाहेरच जास्त असतात. मागच्या दुकानाची पाटी, विजेच्या खांबावरचा क्रमांक, मुलाच्या शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, रिक्षाची नंबरप्लेट, हातातल्या ओळखपत्रावरचे आकडे, हे सर्व एकेक करून पाहावे आणि खटकेल तो भाग कापून टाकावा. धूसर करण्यापेक्षा वर गडद पट्टी टाकून मग त्या चित्राचा स्क्रीनशॉट घेणे अधिक सुरक्षित असते. त्याने छायाचित्राच्या फाइलमध्ये दडलेली स्थळाची आणि वेळेची नोंदही बरोबर जात नाही. कॅमेऱ्यातील स्थळनोंदीची सोय वस्तीत शिरण्यापूर्वीच बंद करून ठेवावी. वस्तीतून थेट प्रक्षेपण करू नये. पोस्ट दोन-चार दिवसांनी टाकली तरी तिचे काही बिघडत नाही.

संमती घेण्याची रीतही नीट पाहिली पाहिजे. मदतीचे साहित्य वाटणाऱ्याने वाटपाच्या वेळीच ‘फोटो काढू का?’ असे विचारले, तर समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही. त्या होकाराला काही अर्थ नसतो. मदत आणि मुलाखत वेगवेगळ्या दिवशी, जमल्यास वेगवेगळ्या माणसांनी करावी. संमती त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत घ्यावी, तिच्या ओळखीचा दुभाषी असावा, पोस्ट कुठे आणि कोणाला दिसणार हे फोनवर प्रत्यक्ष उघडून दाखवावे, आणि नंतर कधीही फोन करून ती काढून टाकायला सांगता येईल, हे स्पष्ट करावे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांनी होकार दिला तरी चेहरा दाखवू नये. नाव बदलले असल्यास ‘नाव बदलले आहे’ असे लिहावे, आणि बदललेले नाव त्याच वस्तीतल्या दुसऱ्या कोणाचे नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

छायाचित्राची उलटतपासणी

ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्करी कारवाई सुरू झाली आणि पुढे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. अत्याचार खरे होते, पण २९ ऑगस्टला तुर्कस्तानचे तत्कालीन उपपंतप्रधान मेहमेत शिमशेक यांनी ट्विटरवर टाकलेली छायाचित्रे तिथली नव्हती. ती त्यांना काढून टाकावी लागली. त्यानंतर काही दिवसांतच म्यानमारच्या तत्कालीन नेत्या आंग सान सू ची यांच्या कार्यालयाने नेमके हेच उदाहरण पुढे करून, हे तर खोट्या माहितीच्या हिमनगाचे टोक आहे, असा युक्तिवाद केला. हितचिंतकाच्या एका चुकीच्या छायाचित्राने खऱ्या पुराव्यांवर शंका घ्यायला जागा मिळाली.

महाराष्ट्राला याची दुसरी बाजू ठाऊक असायला हवी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्या दिवसांत त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुरात निपचित पडलेल्या लहान मुलांची एक चित्रफीत होती. ती त्याच्या पाच वर्षे आधी सीरियातील घौटा इथे झालेल्या रासायनिक हल्ल्यात दगावलेल्या मुलांची होती. सीरियातील युद्धपीडितांचे दुःख संदर्भ तुटून इथवर आले आणि इथल्या भटक्या समाजाच्या जिवावर उठले. मथळा, तारीख आणि ठिकाण नसलेले चित्र कुठे जाऊन काय करील, याचा भरवसा नसतो.

तपासण्याची पद्धत अवघड नाही. चित्र गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रशोधाच्या साधनांत घालून ते सर्वांत आधी कधी दिसले ते पाहावे. चित्रफीत असेल तर तिच्यातील दोन-तीन ठळक क्षणांचे स्क्रीनशॉट घेऊन तेच करावे. दुकानांच्या पाट्यांची लिपी, वाहनांच्या नंबरप्लेटची ठेवण, पोलिसांचा गणवेश यांवरून देश कळतो. एवढे करूनही मूळ सापडले नाही, तर चित्र वापरू नये. ‘खरे-खोटे माहीत नाही, पण पाठवतो’ हे वाक्य तर कधीच लिहू नये. आपण स्वतः काढलेल्या चित्रावर महिना, वर्ष आणि राज्य एवढे चित्राच्याच आत लिहावे, कारण मथळा गळून पडतो आणि चित्र पुढे जाते.

प्रत्यक्ष मजकूर

पोस्टमध्ये एकच मागणी असावी आणि ती वाचणाऱ्याला करता येण्यासारखी असावी. मुलांच्या शाळाप्रवेशाचे उदाहरण घेऊ. नेहमी दिसणारी पोस्ट अशी असते: ‘रोहिंग्या मुलांवर घोर अन्याय! माणुसकी मेली आहे का? जास्तीत जास्त शेअर करा.’ यातून वाचणाऱ्याला माहिती मिळत नाही, करण्यासारखे काही मिळत नाही, आणि माणुसकी मेल्याचा आळ मात्र त्याच्यावर येतो. तीच गोष्ट पुढीलप्रमाणे लिहिता येते.

‘सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. रोहिंग्या मुलांनी प्रवेशासाठी सरकारी शाळांकडे जावे आणि पात्र असूनही प्रवेश नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सांगितले. दिल्लीत राहणारे, हिंदी लिहिता-वाचता येणारे आणि पालकांसोबत सकाळी शाळेत जाऊ शकणारे स्वयंसेवक हवे आहेत. वेळ देता येत असेल तर मला खासगी संदेश पाठवावा. कृपया वस्तीचे नाव इथे विचारू नये आणि कोणाला ठाऊक असल्यास लिहू नये.’

या मजकुरात विशेषणे नाहीत, तारखा आहेत, आणि मदत करू इच्छिणाऱ्याने नेमके काय करायचे ते आहे. शेवटची ओळ तर फार महत्त्वाची; वस्तीचा पत्ता पुष्कळदा मूळ पोस्टमध्ये नसतोच, तो उत्साही माणूस खाली प्रतिक्रियेत लिहून मोकळा होतो. अशी प्रतिक्रिया दिसताच काढावी आणि लिहिणाऱ्याला खासगीत कारण सांगावे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटतो, हा एक समज आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. गडचिरोलीतील चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत, आणि गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या बाजूला नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी लोक पूर्व पाकिस्तानातून भारतात आले, तेव्हा प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा ‘शरणार्थी साहाय्य’ तिकीट लावावे लागे. घरातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ते अजून सापडते. अशा तिकिटाचे छायाचित्र आणि त्याखाली चार ओळी, ही पोस्ट रडणाऱ्या मुलाच्या चित्रापेक्षा आपल्या वाचकांपर्यंत अधिक पोहोचते, असे मला वाटते. मात्र आजच्या रोहिंग्यांची स्थिती आणि फाळणीच्या निर्वासितांची स्थिती सारखीच आहे, असे दाखवू नये. फाळणीने आलेले लोक नागरिक झाले, हा फरक वाचकाला ठाऊक असतो.

शक्य तिथे बोलणारा माणूस निर्वासितच असावा. त्यांच्यात स्वतः लिहिणारे, छायाचित्रे काढणारे तरुण आहेत आणि त्यांची खातीही आहेत. त्यांच्या मजकुराचे त्यांना विचारून मराठी करून देणे, हे आपल्या स्वतःच्या दहा पोस्टपेक्षा मोलाचे काम आहे.

दबाव कोणावर आणि कसा

हॅशटॅग चालवून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना २०२१ च्या मार्चमधील मणिपूरचे उदाहरण द्यावे. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर तिथून लोक येऊ लागले, तेव्हा २६ मार्चला मणिपूर सरकारने सीमेवरील जिल्ह्यांना पत्र पाठवले की अन्न-निवाऱ्यासाठी छावण्या उघडू नयेत आणि येणाऱ्यांना नम्रपणे परत पाठवावे. ते पत्र बाहेर आले, त्यावर वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर संताप उसळला, आणि २९ मार्चला ते मागे घेतले गेले. शेजारच्या मिझोराममध्ये मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी १८ मार्चलाच पंतप्रधानांना पत्र लिहून, हे आमचे रक्ताचे लोक आहेत आणि त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. मणिपुरात लोकांच्या हाती एक ठरावीक कागद होता, त्यावर तारीख होती, आणि तो मागे घेऊ शकणारा अधिकारी कोण हे ठाऊक होते. या तीन गोष्टी हाती असतील तेव्हाच एखाद्या अधिकाऱ्याला किंवा मंत्र्याला टॅग करावे. त्याच मजकुराचा रीतसर अर्ज कार्यालयात देऊन पोच घ्यावी आणि पोचेचे छायाचित्र, नावे झाकून, पोस्टला जोडावे.

उलट, गाजावाजा अंगाशी येतो याचेही उदाहरण आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी ट्विट केले की, रोहिंग्या निर्वासितांना दिल्लीतील बक्करवाला इथल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या सदनिकांत हलवले जाईल. स्वागताच्या आणि विरोधाच्या पोस्टचा पूर आला आणि त्याच दिवशी गृह मंत्रालयाने असा कोणताही आदेश दिलेला नसल्याचे सांगून, ते लोक आहेत तिथेच ठेवावेत आणि ती जागा स्थानबद्धता केंद्र म्हणून जाहीर करावी, असे दिल्ली सरकारला कळवल्याचे स्पष्ट केले. मंत्र्याचे ट्विट म्हणजे आदेश नव्हे. लेखी आदेश हाती येईपर्यंत अभिनंदन करू नये.

पैशांचा प्रश्न

पैसे गोळा करण्याचे आवाहन सर्वांत सोपे वाटते आणि सर्वांत लवकर अडकते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बैरूतच्या रस्त्यावर, खांद्यावर झोपलेली मुलगी घेऊन पेने विकणाऱ्या एका सीरियन बापाचे छायाचित्र ट्विटरवर गाजले. पाच हजार डॉलरचे उद्दिष्ट ठेवून सुरू झालेल्या निधीत एक लाख ऐंशी हजारांहून अधिक डॉलर जमले. परंतु पेपाल लेबनॉनमध्ये चालत नसल्यामुळे ते पैसे त्याच्यापर्यंत पोहोचायला बरेच महिने लागले. त्याने पुढे पावाची भट्टी आणि खाणावळ काढली, इतर निर्वासितांना कामावरही घेतले, पण पैसे पोहोचवण्याची वाट आधी पाहून ठेवली असती तर त्याचा खोळंबा टळला असता.

आपल्याकडे यात परकीय निधीविषयीच्या २०१० च्या कायद्याची भर पडते. परदेशात राहणारा, पण भारतीय पारपत्र असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर तो परकीय निधी धरला जात नाही. मात्र अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मामाची देणगी, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी, परकीय निधीच ठरते आणि त्या कायद्याखाली नोंदणी असलेली संस्थाच ती घेऊ शकते. महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपवर आवाहन टाकण्यापूर्वी ही गोष्ट लिहिलीच पाहिजे. स्वतःच्या खात्यावर पैसे मागवू नयेत. नोंदणीकृत संस्थेचा दुवा द्यावा, आणि रोख रकमेऐवजी वह्या, औषधे, वकिलाचे शुल्क अशी खर्चाची नेमकी बाब लिहावी.

सोसायटीचा ग्रुप आणि द्वेषाचा मजकूर

खरी लढाई हॅशटॅगवर कमी आणि ‘आपली सोसायटी’, ‘दहावीची बॅच’ अशा ग्रुपांवर जास्त होते. तिथे खोटा फॉरवर्ड आला की लगेच भांडणात पडू नये. पाठवणाऱ्याला आधी खासगीत लिहावे: ‘काका, तुम्ही पाठवलेली चित्रफीत मी तपासली, ती या घटनेची नाही; दुवा सोबत देतो. तुम्हीच ग्रुपवर काढून टाकली तर बरे होईल.’ वडीलधाऱ्या माणसाला मागे येण्याची वाट मोकळी ठेवली, तर बहुधा ते येतात. नाहीच आले, तर ग्रुपवर एकदाच, दुव्यासह, तीन ओळी लिहाव्यात आणि पुढच्या चिथावणीला उत्तर देऊ नये. खोट्या मजकुराचा स्क्रीनशॉट दाखवावाच लागला, तर त्यावर आडव्या ठळक अक्षरांत ‘खोटे’ असे लिहावे, नाहीतर आपणच त्याचा प्रसार करतो.

उघड हिंसेची चिथावणी असेल, तर आधी दुवा, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावा, मग त्या माध्यमाकडे तक्रार करावी, आणि धमकी ठरावीक वस्तीला उद्देशून असेल तर सायबर पोलिसांकडेही. तक्रारीत मराठी शब्दाचा सूचक अर्थ दोन ओळींत समजावून द्यावा. २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे बर्मी भाषेतला मजकूर पाहणारे अवघे दोन जण होते. तीन वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने म्यानमारमधील द्वेषप्रसारात फेसबुकचा वापर झाल्याचे नोंदवले. स्थानिक भाषेतील टोमणा परक्या यंत्रणेला कळेल, असे गृहीत धरू नये.

स्वतःची बाजूही सांभाळावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम २०१५ मध्ये रद्द झाले असले, तरी दोन समाजांत शत्रुत्व वाढवणे किंवा अफवा पसरवणे यांसाठी भारतीय न्याय संहितेची १९६ आणि ३५३ ही कलमे आहेत, आणि रागाच्या भरात एखाद्या धर्माविषयी लिहिलेले वाक्य निर्वासितांच्याच विरोधात वापरले जाते. ग्रुपचे अ‍ॅडमिन असल्यास घाबरू नये. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटले आहे. तरीही असा मजकूर काढण्याची सोय हाती असताना तो ठेवू नये.

मोहिमेसाठी वेगळे खाते उघडले असेल, तर त्याचा पासवर्ड दोघांकडे असावा, द्विस्तरीय पडताळणी चालू असावी आणि कोणाची संमती कोणत्या पोस्टसाठी आहे याची वही फोनबाहेर, कागदावर असावी. दर तीन महिन्यांनी ती वही घेऊन बसावे. कोणाचे प्रकरण न्यायालयात गेले असेल, कोणी दुसऱ्या देशात पुनर्वसनाच्या वाटेवर असेल, कोणाशी संपर्क तुटला असेल, तर त्यांच्या जुन्या पोस्ट काढाव्यात आणि फोनमधील मूळ छायाचित्रे, ती गूगल फोटोजमध्ये आपोआप साठली असतील तर तिथूनही, पुसून टाकावीत.